कॉइलवरून पेन रोटरीवर आल्यावर रेषा तुटक, खपली जाड: दोष मशीनचा की हाताचा?

रेघोट्या

टॅटूसाठी कॉइल (विद्युतचुंबकावर चालणारी मशीन) सोडून पेन रोटरी (पेनासारखी, मोटरवर चालणारी) घेतली आहे. डायरेक्ट ड्राइव्ह, स्ट्रोक (सुईची वर-खाली चाल) ३.५ मिमी, गिव्ह (मधली लवचीक स्प्रिंग) नाही, मागे वायरलेस बॅटरी. हात मात्र कॉइलवर बसलेला. दोन अडचणी आहेत.

पहिली: ३आरएलने (तीन सुयांचा गोल जुडगा, सुई ०.३० मिमी) लांब रेषा ओढली की ठिपके ठिपके दिसतात. हात सावकाश केला की तीच रेषा फुगते. मनगटाच्या आतल्या बाजूला दोनदा ब्लोआउटही (शाई रेषेबाहेर कातडीखाली पसरणं) झालाय. व्होल्टेज ७.५.

दुसरी: १५च्या कर्व्ह मॅगने (भरायचा १५ सुयांचा रुंद, कमानदार संच) काळं भरताना, ८.५ व्होल्टवर, तिसरा हात मारायला गेलं की कातडी चकाकायला लागते. पाचव्या दिवशी जाड खपली, आणि ती पडली की मधेमधे फिकट चट्टे.

कॉइलचा शेडर (भरायची मशीन) ८ व्होल्टला चालायचा, तेव्हा असं होत नव्हतं. मशीन बदलायची की हात? स्ट्रोक कमी घेतला की कातडीला त्रास कमी, असं सगळीकडे ऐकतो. खरं आहे का?

काळी_शाई

आधी व्होल्टची तुलना सोडून द्या. कॉइलवर ८ व्होल्टला सेकंदाला किती टोचे पडतात ते स्प्रिंगचा ताण, आर्मेचर बारचं (कॉइलकडे खेचल्या जाणाऱ्या लोखंडी पट्टीचं) वजन आणि कॉन्टॅक्ट स्क्रूचं अंतर ठरवतं. रोटरीत मोटर ठरवते, आणि दोन मोटरी एकाच व्होल्टला सारख्या फिरत नाहीत. ७.५ला एक पेन ८५ टोचे देईल, दुसरा १२०. मोटरचा एक फेरा म्हणजे एक टोचा, म्हणून मिनिटाला ६००० फेरे म्हणजे सेकंदाला १०० टोचे. हा आकडा हातात नसेल तर पुढचं सगळं बोलणं हवेत.

मोजायला यंत्र लागत नाही. आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं कुठलंही मोबाइल ॲप घ्या, पेन माइकजवळ धरा आणि सर्वांत डावीकडचं ठळक शिखर बघा. ते ९० हर्ट्झला असेल तर ९० टोचे. त्याच्या दुप्पट-तिपटीवरही शिखरं उमटतात, त्यांना फसू नका. ५० किंवा १०० हर्ट्झला बारीक शिखर दिसलं तर ती खोलीतल्या विजेच्या उपकरणांची गुणगुण असू शकते, म्हणून एकदा पेन बंद ठेवून बघा. आणि कार्ट्रिज (सुयांचा बदलता भाग) लावूनच मोजा. रिकामा पेन नेहमी जास्त पळतो.

आता रेषेचं गणित. हाताचा वेग भागिले टोचे, म्हणजे दोन टोच्यांमधलं अंतर. सेकंदाला ९० टोचे आणि हात सेकंदाला ४० मिमी, तर दर ०.४४ मिमीला एक टोचा. ३आरएलच्या बारीक टोकाला एवढं अंतर भरून काढता येत नाही, ठिपके दिसणारच. हात २० मिमीवर आणला की अंतर ०.२२ होतं, रेषा भरते, पण त्याच लांबीत टोचे दुप्पट झाले. खोली जराशी जास्त असली की रेषा फुगली. म्हणजे तुमची तुटक रेषा आणि फुगलेली रेषा या दोन तक्रारी नाहीत, एकाच गणिताची दोन टोकं आहेत.

३आरएलला अंतर ०.२५ ते ०.३० मिमी धरून चाला. ४० मिमीचा हात ठेवायचा हट्ट असेल तर १३०च्या पुढे-मागे टोचे लागतील. ३० मिमीच्या हाताला १०५ ते ११० पुरतात. पेनवर दुसरं बरं, कारण १३०ला एखादी चूक झाली तर ती सुधारायच्या आत दहा-बारा टोचे पडून गेलेले असतात. कॉइलचा लायनर (रेषांची मशीन) बहुधा ११० ते १३०ला बसवलेला असतो. तुमचा हात त्या वेगाचा आहे, पेन त्या वेगाला चालत नाहीये, इतकंच.

ब्लोआउटचं कारण वेगळं आहे. कॉइलवर सुई खोल गेली की मशीनचा आवाज बसतो, बोटांना कळतं. चांगल्या कोअरलेस मोटरचा पेन २ मिमी खोल गेला तरी त्याच सुरात घुमत राहतो. जेवढी मोटर दमदार, तेवढी ती चूक लपवते. म्हणून पेनवर खोली कानाने नाही, हँगने धरायची.

हँग अशी लावा: पेन चालू ठेवा, सुईचा जो धूसर पट्टा दिसतो त्याचं खालचं टोक कार्ट्रिजच्या टोकापासून किती बाहेर येतं ते पट्टीवर बघा, आणि ग्रिप फिरवून ते २ मिमीवर आणा. मनगटाच्या आत, कोपराच्या खोबणीत, बरगडीवर १.५. मग कार्ट्रिजचं टोक कातडीवर अलगद टेकवून काम करा, दाबू नका. ३.५च्या स्ट्रोकला २ची हँग ठेवली की वर जाताना सुई दीड मिमी टोकाच्या आत जाते आणि शाईत भिजून परत येते. हँग ४ केली तर सुई आत शिरतच नाही. शाई अडखळते, रेषा सुकी येते, आणि माणूस तीच रेषा पुन्हा ओढतो.

सुईचं_टोक

वरचं सगळं बरोबर. स्ट्रोकच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण ते ‘कमी स्ट्रोक म्हणजे मऊ’ प्रकरण अर्धंच खरं आहे.

तुमच्या पेनमध्ये मोटरच्या दांड्यावर एक चकती आहे आणि तिच्यावरची पिन मध्यापासून १.७५ मिमी बाजूला आहे. त्याच्या दुप्पट, म्हणून ३.५. सुई या पिनेबरोबर झोक्यासारखी हलते: वर आणि खाली क्षणभर थांबते, मधे सर्वांत जोरात जाते. कॉइलमध्ये आर्मेचर बार खेचला जाऊन गाभ्यावर आपटतो, झोक्यासारखा मंदावत नाही. त्यामुळे दोन्हींचा टोचा एकाच खोलीचा असला तरी एकसारखा नसतो.

आता सुई कातडीत १.५ मिमी जाते आणि टोचे सेकंदाला १०० असं धरा. एक टोचा १० मिलिसेकंदांचा. ३.५च्या स्ट्रोकला सुई कातडीला भिडते सेकंदाला साधारण १.१ मीटर वेगाने, आणि आत असते साडेचार मिलिसेकंद. २.५ला भिडण्याचा वेग ०.८च्या आत येतो, म्हणून धक्का मऊ लागतो. पण आत राहण्याचा वेळ वाढून ५.६ मिलिसेकंद होतो आणि सुई कातडीच्या वर येते जेमतेम १ मिमी. ४.२ला वेग १.२५च्या आसपास, आतला वेळ ४.१.

सुई आत असताना हात थांबलेला नसतो, खरी गोम तिथे आहे. सेकंदाला ३० मिमी जाणारा हात २.५च्या स्ट्रोकला प्रत्येक टोच्यात सुई ०.१७ मिमी आडवी ओढतो. ०.३० मिमीच्या सुईच्या अर्ध्या जाडीपेक्षा जास्त. ४.२ला हेच ०.१२. भोक गोल न पडता लांबट पडतं, आणि असे हजारो टोचे पडले की कातडी टोचल्यासारखी नाही, ओरबाडल्यासारखी दिसते. त्यात हँग जास्त ठेवून २ मिमीपर्यंत दाबलं, तर २.५च्या स्ट्रोकला सुई फक्त अर्धा मिमी बाहेर येते. ते मग टोचणं राहत नाही, नांगरणं होतं.

म्हणून २.५ ते ३ मिमी स्ट्रोक सावकाश हाताच्या, हलक्या खोलीच्या करड्या छटांना. थरावर थर चढवायचे असतात तिथे तो मऊ धक्का सोन्यासारखा. काळं भरायला ३.५ ते ४. ठळक रेषांना ४ आणि पुढे. तुमचा ३.५ दोन्हीकडे चालतो, स्ट्रोकपायी नवीन मशीन घेऊ नका.

भरण्याचा हिशेब एकदा डोळ्यांसमोर आणा. १५चा मॅग, १०० टोचे, सगळ्या सुया टेकल्या तर सेकंदाला १५०० भोकं. एका मिनिटात ९०,०००. जागा दोन सेंमी बाय दोन सेंमी असेल तर दर चौरस मिमीला २२५. तिसऱ्या हाताला कातडी का चकाकते ते यातच आलं. वरचा थर, जो बहुतेक अंगावर ०.१ मिमीच्या आसपास असतो, तो उरलेलाच नसतो. खालून लस (जखमेतलं पिवळसर पाणी) आणि रक्त येतं, ते शाईला बाहेर ढकलतं, खपलीतही शाईच जाते. फिकट चट्टे तिथलेच.

दाभण

गिव्हबद्दल कुणी बोललं नाही. गिव्ह नाही म्हणजे वाईट, असं नवीन मुलं समजतात, म्हणून लिहितो.

गिव्ह म्हणजे चकती आणि सुई यांच्यामध्ये एक स्प्रिंग किंवा रबर. कातडीने विरोध केला की ते दबतं आणि सुई पूर्ण स्ट्रोक न मारता थोडी कमी जाते. कॉइलमध्ये हे पुढच्या स्प्रिंगमुळे आपोआप असतं, म्हणून कॉइलवाल्याचा हात जरा दाबणारा असतो. तोच दाब गिव्ह नसलेल्या पेनवर दिला की सगळा कातडीत जातो, वाटेत माफ करणारं कुणी नाही. @रेघोट्या, तुमच्या दुसऱ्या अडचणीचा मोठा भाग हाच असावा.

पण उलट बाजू बघा. मोठ्या मॅगला गिव्ह फार मऊ ठेवली तर पंधरा सुयांच्या विरोधापुढे स्प्रिंगच हरते. सुया वरच्या थरातच घुटमळतात, शाई बसत नाही, मग दुसरा हात, तिसरा हात, चौथा हात. मऊ मशीनने कातडी जास्त सोलपटते ती अशी. एका हातात शाई बसवणारी कडक मशीन चार हात मागणाऱ्या मऊ मशीनपेक्षा कातडीला बरी. हे @सुईचं_टोक यांच्या हिशेबातून निघतंच, फक्त त्यांनी मऊ धक्क्याला ‘सोन्यासारखा’ म्हटलंय ते मॅगला लावू नका.

गिव्ह नसलेल्या पेनवर ताण हीच तुमची स्प्रिंग. कातडी तीन बाजूंनी ताणायची: डाव्या हाताचा अंगठा आणि बोट दोन बाजूंना, मशीन धरलेल्या हाताची करंगळीची कड तिसऱ्या बाजूला. ढिल्या कातडीवर सुई आली की कातडी ताटलीतल्या जेलीसारखी खाली-वर होते, सुई शिरत नाही, शाई उडते. मग माणूस दाब वाढवतो, मधेच ताण घट्ट बसतो आणि सुई एकदम खोल. आपल्याकडच्या गोंदणारणी एवढ्याशा सुयांनी आणि काजळीने काम करायच्या, मोटर नाही की स्ट्रोक नाही, पण डाव्या हाताने मनगट कसं घट्ट धरायच्या ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

कोनही बघा. सुई ६० अंशांत कललेली असेल तर १.५ मिमी खोलीसाठी तिला १.७३ मिमी आत जावं लागतं, आणि शाई कललेल्या बाजूला सरकून बसते. मनगटावरचा ब्लोआउट रेषेच्या एकाच बाजूला निळसर पसरला असेल तर खोलीबरोबर कोनही चुकलाय. रेषेला ७५ ते ९० ठेवा. पेन लिहायच्या पेनासारखा दिसतो म्हणून माणूस तो तसाच आडवा धरतो. दोष नावाचा!

रेघोट्या

मोजलं. ७.५ला कार्ट्रिज लावून ८८. म्हणजे @काळी_शाई यांचा अंदाज जवळपास तंतोतंत. ब्लोआउट खरंच एका बाजूला आहेत, अंगठ्याकडच्या.

८.५ला १५ मॅग हवेत १०१ दाखवतो, पण सरावाच्या सिलिकॉन कातडीवर टेकवला की ८३. हे नॉर्मल आहे का? आणि दुसऱ्या कंपनीचा १५ मॅग लावला तर हवेतच ९४ येतात.

काळी_शाई

नॉर्मल नाही, १८ टोच्यांची घसरण फार आहे. ५-६ चालते. पण मोटरला दोष देण्याआधी तुमच्या शेवटच्या वाक्याकडे बघा. तोच पेन, तेच व्होल्टेज, तेवढ्याच सुया, आणि कार्ट्रिज बदलताच ७ टोचे गेले. हा पडद्याचा फरक आहे.

कार्ट्रिजमध्ये मागे सिलिकॉनचा पडदा असतो. पेनची दांडी सुईला फक्त खाली ढकलते, वर आणतो तो पडदा. तो कडक असेल तर प्रत्येक टोच्यात मोटरला त्याच्याशी झगडावं लागतं. फार ढिला असेल तर सुई वेळेत वर येत नाही, दांडी आणि सुई एकमेकांना सोडतात, टकटक आवाज येतो, आणि सुई कातडीत रेंगाळते. ते रेंगाळणं आडव्या ओढीत भर घालतं. कार्ट्रिज हातात घेऊन मागची दांडी अंगठ्याने दाबा आणि सोडा: सुई झटकन, पूर्ण आत गेली पाहिजे. डब्यातले पाच-सहा असे तपासा. एकाच डब्यात फरक सापडतो.

सुईचा डोलतेपणाही त्याच वेळी बघा. कार्ट्रिजचं टोक डोळ्यांसमोर धरून सुई बाजूला हलवून पाहा. मॅग टोकात डावी-उजवीकडे खेळत असेल तर दर टोच्याला त्याची जागा बदलते, कडा अस्वच्छ येतात आणि कडा नीट करायला पुन्हा हात मारला जातो. पेनमध्ये कार्ट्रिज बसण्याची जागा ढिली असली तरी हेच होतं. दुसरा कार्ट्रिज लावूनही खेळ दिसला तर दोष पेनचा.

पडदा चांगला असूनही वेग १०-१२ने पडत असेल तर मग मोटर किंवा बॅटरी. बॅटरी पूर्ण भरून आणि पाव उरलेली असताना, दोन्ही वेळा मोजा. आकडा बदलला तर बॅटरी व्होल्टेज धरून ठेवत नाहीये. नाही बदलला तर चकतीचं बेअरिंग आणि तिचा बारीक स्क्रू बघा. स्क्रू सैल झाला की खडखड येते आणि स्ट्रोक दर टोच्याला थोडा वेगळा पडतो. काही पेनमध्ये सेन्सर असतो, भार आला की तो वेग सावरतो. तुमच्यात नसावा.

वेग पडला म्हणून लोक ८.५चे ९.५ करतात. कातडीत असताना ठीक वाटतं. पण हात उचलून पुन्हा टेकवताना पेन हवेत ११५ला पळत असतो, आणि पहिला स्पर्श तिथे होतो. भरलेल्या भागाच्या कडेला ठिपक्यांसारखी खरवड दिसते ती ही.

पडद्याचं आणखी एक काम आहे, ते वेगापेक्षा महत्त्वाचं: शाई आणि रक्त मागे पेनमध्ये जाऊ न देणं. पडदा नसलेले स्वस्त कार्ट्रिज वापरले तर आतल्या दांडीला पहिल्या गिऱ्हाईकाचं रक्त लागतं, आणि पेनचा तो भाग ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालता येत नाही, मोटर जाते. स्टीलची ग्रिप सुटी होत असेल तर तेवढीच ऑटोक्लेव्हला घाला, बाकी पेनला प्रत्येक वेळी नवीन आवरण. जत्रेत एकाच सुईवर दहा जणांची नावं गोंदली जातात त्याला आपण नाकं मुरडतो. पडदा नसलेला कार्ट्रिज हे त्याचंच चकचकीत रूप आहे.

सुईचं_टोक

सिलिकॉनवर वेगाची आणि रेषेची तपासणी होते, इजेची नाही. सिलिकॉनला लस येत नाही, ती सुजत नाही. डुकराची कातडी मिळत असेल तर निदान ताण आणि विरोध खऱ्याच्या जवळचा मिळतो.

आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर लाली उशिरा दिसते किंवा दिसतच नाही, म्हणून गोऱ्या कातडीवरच्या व्हिडिओंतला ‘लाल झालं की थांबा’ हा नियम इथे तोकडा पडतो. मी पुढच्या खुणा बघायला सांगेन. रंध्रं फुगून कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते. पुसल्यावर ओलसर चमक लगेच परत येते. टिश्यूवर शाईच्या काळ्याऐवजी गुलाबी-करडं पाणी येतं. हातमोज्यातूनही जागा शेजारच्यापेक्षा गरम लागते. यातल्या दोन दिसल्या की त्या जागेवर हात थांबवायचा, शाई कमी वाटली तरी. उरलेलं भरायला निदान सहा आठवड्यांनी बोलवा. जबरदस्ती केली तर सावळ्या कातडीवर इजेचे काळसर डाग महिनोन्‌महिने राहतात, आणि ज्याच्या कानाला किंवा खांद्याला आधीचा केलॉइड (जखमेबाहेर वाढलेला फुगीर व्रण) आहे त्याला तर काम घेण्याआधीच विचारलं पाहिजे.

पुसण्याकडे कुणी बघत नाही. सुकी टिश्यू घासत नेली की सुईने सैल केलेला थर टिश्यूबरोबर निघतो. पातळ केलेल्या ग्रीन सोपने टिश्यू ओली करा, ठेवा, दाबा, उचला. भरताना दर दोन सेकंदाला पुसण्याची सवय असेल तर आधी कडेला व्हॅसलिनचा पातळ थर द्या आणि खालून वर भरत जा. मग स्टेन्सिलही (कातडीवर आधी उठवलेलं चित्र) टिकतो आणि पुसण्याची गरजही अर्ध्यावर येते.

मॅग भरताना सरळ मागे-पुढे घासू नका. छोटी लंबगोल वळणं, प्रत्येक वळण आधीच्यावर निम्मं चढलेलं, आणि हात सेकंदाला १० ते १५ मिमीच्या पुढे नाही. पहिल्याच हातात ऐंशी-नव्वद टक्के काळं बसलं पाहिजे. बसत नसेल तर दुसरा हात मारण्याआधी थांबून कारण शोधा: ताण, हँग, पडदा, वेग, याच क्रमाने.

दाभण

एक अवांतर. कॉइल ‘खरी’ आणि रोटरी ‘नवी फॅशन’ असं म्हणणाऱ्यांसाठी: एडिसनच्या १८७६च्या इलेक्ट्रिक पेनावर छोटी मोटर आणि फ्लायव्हील होतं, कागदाला भोकं पाडून स्टेन्सिल करण्यासाठी. न्यू यॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने १८९१ साली टॅटू मशीनचं पेटंट घेतलं ते त्याच धर्तीवर, म्हणजे फिरत्या मोटरवर. वयाने रोटरीच थोरली.

@रेघोट्या, कागदावर भोकं पाडायची ती युक्ती आजही उपयोगाची आहे. शाई न घालता ३आरएल जाड कागदावर नेहमीच्या वेगाने ओढा, कागद उजेडासमोर धरा आणि एका सेंमीत किती भोकं आहेत ती मोजा. ३५ ते ४० हवीत. २२-२३ आली तर तुमची तुटक रेषा तिथेच दिसेल. तो कार्ट्रिज नंतर फेकून द्या, कागदाने टोक बोथट होतं.

रेघोट्या

८.६ व्होल्टला १०८ मिळाले. कागदावर एका सेंमीत ३६ भोकं, सिलिकॉनवर रेषा सलग. हँग २वर आणली, पेन उभा धरला. दुसऱ्या कंपनीच्या मॅगचा डबा बाजूला ठेवलाय: सहांपैकी दोन कार्ट्रिजच्या सुया दाबून सोडल्यावर अर्ध्यातच अडकल्या.